अजगराचं बारसं

तान्ह्या बाळाला हात लावण्याआधी त्या दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासायच्या आणि म्हणायच्या, "आले हं बाला, हात गरम केलेत." बाळ चार दिवसांचं असलं तरी त्याला आगाऊ कळवल्याशिवाय त्यांनी कधी उचललं नाही.

ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमधली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हाली आहेत. माझा मुलगाही. जुन्या गावठाणात त्यांचं घर. बाळ-बाळंतिणीची मालिश हे काम सासूकडून आलेलं. सगळ्यांच्याच त्या मावशी. समोरच्या फ्लॅटमध्ये बाळ आलं आणि त्या पुन्हा आमच्या मजल्यावर येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी काम आटोपून हक्काने माझ्याकडे चहाला आल्या आणि दारातच थबकल्या. हॉलमध्ये काचेची पेटी होती आणि पेटीत अजगर.

"वयनी, यो काय आनलाय घरान!"

आणला होता मुलाने. परदेशी जातीचा, बिनविषारी, हातभर लांबीचा, सगळे कागद रीतसर केलेला. आणून तीन दिवस होतात न होतात तोच चिरंजीव ऑफिसच्या कामाला तीन आठवडे बंगळुरूला गेले. जाताना म्हणाला, "आई, मी येईपर्यंत तुला तो हातात घेता आला तर ठेवू. नाहीतर कल्याणचा मित्र न्यायला तयार आहे."

तुम्हाला खरं सांगते, मला साप नकोच होता. पण घरात आम्ही दोघंच, आणि "जेवलास का?" "हो" यापलीकडे आमचं बोलणं कित्येक वर्षांत गेलं नव्हतं. सापाबद्दल मात्र तो माझ्याशी तासभर बोलला होता. तो तास मला पुन्हा हवा होता.

म्हणून मी रोज अजगर उचलायला जायचे. पेटीत हात घातला की तो डोकं आत लपवून घट्ट गोळा व्हायचा. खात तर काहीच नव्हता. शेजारीपाजारी येऊन काचेवर टकटक करायचे, "हलत का नाही हो?" असं विचारून जायचे. एकीने वाटीभर दूधही आणलं.

माझं हे सगळं ऐकून मावशींनी दारातूनच निकाल दिला. "नवा जीव हाय तो, घाबरलाय. आजपासून बाराव्या दिसापर्यंत कोनी बगाला यायचा नाय, कोनी उचलायचा नाय. तू पन नाय."

माझी नेसून मऊ झालेली साडी त्यांनी फाडायला लावली. अर्धी पेटीवर पडद्यासारखी, अर्धी आत. "तुजा वास लागूंदे त्याला."

त्यानंतर रोजचा चहा दाराजवळच्या स्टुलावर, पाय वर घेऊन. मी फोनवर मुलाला विचारायचे, "मावशी असं असं म्हणतात, चालेल का रे?" तो हसायचा. "आई, मी जे वाचलंय त्यातही हेच आहे." मग आम्ही बोलत बसायचो.

आठव्या दिवशी अजगराने माझ्या चिमट्यातून उंदीर घेतला. मी हरखून त्याला उचलायला धावले, तर स्टुलावरून ओरडा आला, "पोट भरल्यावर बालाला चोलतात काय गो?" आणखी थांबले. तेलावरून मात्र आमचं वाजलं. कातडी कोरडी दिसते, जरा खोबरेल लाव, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. दोन दिवस त्या फुरंगटून बिनसाखरेचा चहा प्यायल्या.

बाराव्या दिवशी त्यांनी माझे तळवे घासून घेतले. "वरून झडप नको. बाजूने जा. मान धरू नको, खालून दोन जागी आधार दे. आनि सांगून घे."

"आले हं बाळा," मी म्हणाले. आवाज पार चिरका निघाला. दोन्ही हात त्याच्या पोटाखाली सरकवले. त्याने अंग आवळलं. मी तशीच थांबले. मग तो सैल पडला, जीभ लपलपवत त्याने माझं मनगट तपासलं आणि तो सरळ बाहीत शिरला. मला रडूच फुटलं. मावशी स्टुलावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

अजगर माझ्या बाहीत आहे अशी खात्री करून त्या खाली उतरल्या, काजळाची डबी काढली आणि पेटीच्या काचेला कोपऱ्यात तीट लावली. "बारसा जाला. साकर आन."

"तुम्ही पण घ्या ना हातात," मी म्हटलं. त्यांचे दोन्ही हात पदराखाली गेले. "नको गो. ये हात तान्ह्या पोरांचे. कोना कललं तर उद्या कोन पोर देईल माज्याकडं?"

मुलगा परतला. अजगर राहिला आणि आमच्या गप्पाही राहिल्या.

पुढे तीनेक वर्षांनी मावशींची बोटं आखडली. काम सोडून त्या मुलीकडे मुरबाडला कायमच्या राहायला निघाल्या. निरोप घ्यायला आल्या त्या स्टूल ओलांडून आत, थेट जमिनीवर पाय लांब करून बसल्या. वाकडी झालेली बोटं एकमेकांवर घासली आणि हात पुढे केले.

"दे. आता माला कोन इचारनार हाय?"

अजगर तोवर चांगला मनगटाएवढा जाड झाला होता. त्यांनी तो खालून, दोन जागी आधार देऊन घेतला, "आले हं बाला" म्हणाल्या आणि न्हाऊ घालायला बाळ घेतात तसा पायांवर निजवला. तो सैल पडून राहिला. त्यांनी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत.

"कोरडाच हाय," माझ्याकडे बघून म्हणाल्या. "सांगत व्हते, तेल लाव."

पेटीची काच दर रविवारी मुलगा पुसतो. कोपऱ्यातली तीट तेवढी सोडून.