मुदतीत दिलेली उत्तरं

अर्जाला आवक नंबर असतो, तारीख असते, शिक्का असतो. त्यामुळे अर्ज कधी ना कधी निकाली निघतो. किश्शांना यातलं काहीच नसतं. ते नुसते साठत जातात, आणि चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "सांग गं तुझ्या ऑफिसातलं काहीतरी!" मग मी सांगते, त्या हसतात, आणि घरी जाताना मलाच कसंतरी होतं.

नवी मुंबईतल्या एका पोलिस ऑफिसात मी वरिष्ठ लिपिक आहे. कुठलं ऑफिस ते विचारू नका, अजून नोकरी आहे. मला वर्दी नाही. माझं काम माहिती अधिकाराच्या अर्जांचं. लोक पोलिसांना लेखी विचारतात, तुमच्याकडे अमक्या प्रकरणात काय कागद आहे तो द्या. त्याला काय उत्तर द्यायचं याचा मसुदा मी करते आणि साहेब सही करतात. नऊ वर्षं झाली. साहेब पाच बदलले, उत्तरं बदलली नाहीत.

* * *

या टेबलावर आले तेव्हा फार उत्साहात होते. पहिल्याच आठवड्यात एका अर्जाचं उत्तर चौथ्या दिवशी तयार करून सहीला नेलं. तेव्हाच्या साहेबांनी चष्मा काढला.

"मॅडम, कायद्यात मुदत किती आहे?"

"तीस दिवस, सर."

"मग उरलेले सव्वीस दिवस कुणाच्या परवानगीने वाया घालवताय? आज चौथ्या दिवशी दिलंत, तर उद्या अख्खी नवी मुंबई चौथ्या दिवशी दारात उभी राहील!"

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. उत्तर कधीही तयार होवो, बाहेर पडायचं ते तिसाव्या दिवशी. उशीर नाही आणि घाईही नाही.

या पद्धतीचा पहिला दणका बसला तो एपीएमसी मार्केटमधल्या एका माथाडी कामगाराला. साताऱ्याकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, वडिलांसारखंच बोलणारे. कांद्याच्या गाळ्यासमोर टेम्पोने त्यांच्या भावाचा पाय चिरडला आणि टेम्पो निघून गेला. समोरच्या खांबावर पोलिसांचा कॅमेरा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फुटेज मागितलं. आता आमच्याकडे फुटेज राहतं किती? तीस दिवस. मग आपोआप पुसलं जातं.

तिसाव्या दिवशी त्यांना उत्तर गेलं: "सदर फुटेज तीस दिवसच जतन केले जात असल्याने उपलब्ध नाही." दोन दिवसांनी ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, मी मागितलं तवा हुतं का न्हाई?"

"होतं, काका."

"मग?"

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं, अर्जदार विचारतोय, मग?

साहेब म्हणाले, "हा नवीन प्रश्न आहे. नवीन अर्ज करायला सांगा!"

* * *

मैत्रिणींना सगळ्यात आवडतो तो महापेच्या इंजिनियरचा किस्सा. त्याचा लॅपटॉप चोरीला गेला होता. पोलिसांनी त्याचा जबाब नोंदवला आणि कंपनीने त्याच जबाबाची प्रत मागितली. म्हणून त्याने अर्ज केला, माझा जबाब मला द्या.

आता जबाब म्हणजे एका व्यक्तीची खासगी माहिती. कायदा सांगतो, अशी माहिती द्यायची असेल तर त्या व्यक्तीला, म्हणजे त्रयस्थ पक्षाला, आधी नोटीस पाठवून हरकत आहे का विचारायचं. मी म्हटलं, सर, हा त्याचा स्वतःचाच जबाब आहे. साहेब म्हणाले, "प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया." पोराला नोटीस गेली: आपला जबाब एका अर्जदाराने मागितला आहे, आपली हरकत असल्यास कळवावे.

पोरगं तापट. त्याने भडकून लिहून पाठवलं, "हो, माझी सक्त हरकत आहे!"

त्याला वाटलं असेल, आता तरी ह्यांना लाज वाटेल. आम्ही तिसाव्या दिवशी कळवलं, त्रयस्थ पक्षाने हरकत घेतल्याने माहिती नाकारण्यात येत आहे.

* * *

एका रिटायर्ड मास्तरांनी त्यांच्या सोसायटीतल्या जुन्या मारहाणीची फाइल मागितली. आम्ही लिहिलं, फाइल पावसाच्या पाण्याने भिजून नष्ट झाली. मास्तरांनी दुसरा अर्ज केला: आपला अभिलेख कक्ष कितव्या मजल्यावर आहे? आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं, दुसऱ्या. मास्तरांचा तिसरा अर्ज आला: आपल्या इमारतीला एकूण मजले किती, आणि वरचे मजले त्या पावसात कोरडे राहिले काय?

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग मला मजकूर सांगितला: "सुरक्षेच्या कारणास्तव इमारतीच्या मजल्यांची संख्या देता येत नाही."

पोच म्हणून मास्तरांनी ऑफिसला एक फोटो पाठवला. समोरच्या फुटपाथवर उभं राहून काढलेला, आमच्या इमारतीचा. मागे पेनाने मजले मोजून लिहिले होते. एक ते चार.

* * *

माझ्या शेजारच्या टेबलावर हवालदार जगताप बसतात. गुडघे गेल्यामुळे त्यांना बंदोबस्तातून काढून टायपिंगला बसवलंय. सहा वर्षं ते सरकारी क्वार्टरची वाट बघताहेत. एक दिवस टपालात अर्ज आला, जगतापांच्या क्वार्टरची सद्यःस्थिती काय? खाली त्यांच्या मिसेसची सही.

जगतापांनी कुणाशी काही न बोलता स्वतःच उत्तर टाइप केलं. प्रकरण विचाराधीन आहे.

मी म्हटलं, "अहो जगताप, हे तुम्हाला आधीच माहीत होतं की!"

"मॅडम, मला माहिताय. पण तिच्या हातात काहीतरी शिक्क्याचं पडलं की महिनाभर शांत झोपते ती. तेवढंच आपल्याला जमण्यासारखं."

मी तेव्हा हसले होते. आता वाटतं, नसते हसले तर बरं झालं असतं.

* * *

कारण त्याच दिवसांत माझ्या टेबलाशी बाळाराम काका येऊ लागले होते.

बाळाराम काका सारसोळेचे कोळी. अंगावर धुवट पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. त्यांचा मुलगा जितू, सव्वीस वर्षांचा, एका सकाळी कामावर जातो म्हणून घरातून निघाला तो परतलाच नाही. मोटारसायकल जेट्टीजवळ सापडली. चावी तशीच लावलेली. पोलिस ठाण्यात बेपत्ताची नोंद झाली, आणि त्याला आता चार वर्षं होत आली.

काका दर महिन्याला अर्ज करायचे. एकच ओळ, पुतणीकडून लिहून घेतलेली: माझा मुलगा जितू याचा शोध घेण्यासाठी काय केले, ते कळवावे. मी ठाण्यात फोन करायचे. तिकडून उत्तर यायचं, "मॅडम, मागचंच पाठवा." मी मागचंच काढायचे आणि तारीख बदलायचे. "शोध चालू आहे." सही, शिक्का. तिसाव्या दिवशी काका स्वतः यायचे, उत्तर घ्यायचे, शिक्का नीट बघायचे आणि पिशवीतून पुढचा अर्ज काढून द्यायचे. कधी आवाज चढवला नाही, कधी अपील केलं नाही. जगताप म्हणायचे, "असा अर्जदार भाग्याने मिळतो!"

दरवर्षी आमच्या ऑफिसचं कौतुक होतं, एकही अर्ज प्रलंबित नाही म्हणून. मासिक तक्त्यात दोनच रकाने आहेत. अर्ज आले, अर्ज निकाली. माहिती मिळाली का, असा रकानाच नाही. त्या हिशोबाने जितू चाळीसेक वेळा निकाली निघाला होता.

* * *

पाचवे साहेब नवीन आले तेव्हा त्यांनी काकांना बाकावर बघितलं आणि विचारलं, "हा माणूस सारखा का येतो? फाइल मागवा."

फाइल आली. चांगली जाडजूड. मला बरं वाटलं, म्हटलं काहीतरी केलेलं दिसतंय. उघडली. पहिला कागद काकांची तक्रार. दुसरा, पुठ्ठ्याला लावलेला जितूचा फोटो. कुणाच्या तरी हळदीतला असावा, हसतोय. तिसरा, सगळ्या ठाण्यांना पाठवलेला बिनतारी संदेश. तिन्ही पहिल्या पंधरवड्यातले.

त्यापुढची सगळी पानं माझी होती. प्रत्येक उत्तराची एक प्रत ठाण्याला जाते, ठाण्याने ती इमानेइतबारे फाइलला लावली होती. चार वर्षं जितूला शोधण्यासाठी या खात्यात एकच माणूस कागद हलवत होता, आणि ती मी. मला माझीच शिसारी आली.

त्या महिन्याचा मसुदा मी बदलला. लिहिलं, पहिल्या पंधरवड्यातील तीन कागदांनंतर आपल्या मुलाचा शोध घेतल्याची कोणतीही नोंद अभिलेखात आढळून येत नाही. सहीच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवलं. फाइल मागवल्याचं साहेब एव्हाना विसरलेही होते. त्यांनी न वाचता सही केली.

मला बरं वाटत होतं. आता काका अपील करतील, वर जातील, ठाण्याला जाब द्यावा लागेल. माझ्यावर आलं तर आलं! नऊ वर्षांत एक तरी खरं उत्तर दिलं, असं मनाशी म्हणत मी त्या दिवशी घरी गेले.

* * *

सोमवारी काका आले. कागद घेतला, शिक्का बघितला, पिशवीत ठेवला आणि गेले. मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हटलं, वाचतीलच ते.

तासाभराने ते परत आले. धाप लागली होती. कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, यो कुनी लिवला?"

"मी लिहिला, काका. खरं आहे ते. तुम्ही आता अपील करा, मी सांगते कसं करायचं. ह्यांनी काहीच शोधलं नाही. तुम्हाला चार वर्षं फसवलं."

काकांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"मना म्हाईत हाय ना."

"काय?"

"कोन शोधत नाय ते. मी सोता आठ दिस होडी घेऊन खाडीन फिरलो. खाडी मना नाय म्हाईत? माहिती मना हाय, बाई. मना कागद पायजे."

शेजारी जगतापांचं टायपिंग थांबलं होतं.

"जितूच्या आयशीला वाचता नाय येत," काका म्हणाले. "दर महिन्याला मी वाचून दाखवतो, शोध चालू हाय. सगला गाव बोलतो, दिवस घाला त्याचं, मोकला करा त्याला. ती बोलते, सरकार शोधतंय तवर मी नाय घालनार. कागद हातान घेते, शिक्का बगते, मंग उठून चुलीकडं जाते. आता तुमी सांगा, यो कागद मी घरी कसा नेऊ?"

"काका..."

"मागचाच द्या. तारीख तेवरी बदला."

आवक नंबर टाकला नाही. मागचं उत्तर स्क्रीनवर काढलं, तारीख बदलली, प्रिंट मारली. साहेबांसमोर गठ्ठा होता, त्यात सरकवलं, त्यांनी न वाचता सही केली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. माझ्या नोकरीत एवढ्या लवकर कुणाला उत्तर मिळालेलं नाही.

सकाळचा कागद काकांनी स्वतःच फाडला आणि तुकडे पिशवीत ठेवले. नवीन कागद दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे नेला.

"शिक्का फिका उठला, बाई. अजून एकदा मारा. तिला तोच कलतो."

मी पॅडवर शिक्का दाबला आणि आधीच्या ठशावर नीट जुळवून पुन्हा मारला.