उजव्या बाजूचा झुरका

उत्तम भोईर सिगार ओढायचा पगार घेतो, हे कळव्यातल्या त्याच्या गावकीत अजून कुणाला खरं वाटत नाही. "धूर सोडायचे पैसे कोण देतं रे?" असं विचारून लोक हसतात. हसोत बापडे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात सहा बायका हाताने सिगार वळतात, आणि त्या मोठ्या हॉटेलांत जातात. दर आठवड्याला उत्तम प्रत्येकीच्या मालातली एक सिगार ओढून बघतो. त्याने पास म्हटल्याशिवाय खोका बंद होत नाही. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्याने सिगारेटच्या कारखान्यात तंबाखू पारखली. गाळ्याचा तरुण मालक देवेश सगळ्यांना सांगत असतो, "काकांची जीभ हेच आपलं मशीन."

तीन आठवड्यांपूर्वी दाढी करताना त्याला डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. चणाडाळीएवढा. त्याने चूळ भरली, पुन्हा पाहिलं, आणि बाथरूमचा दिवा घालवून टाकला. तेव्हापासून आरशासमोर तोंड उघडणं बंद. बायकोलाही सांगितलं नाही. पण जिने पस्तीस वर्षं ताट वाढलं तिच्यापासून काय लपणार? सुकटीची चटणी ताटाच्या कडेला सरकवलेली बघून लक्ष्मी म्हणाली, "आजपावत नाय लागली तिखट, ती आताच कशी लागते?"

"दाढ दुखते," तो म्हणाला. लक्ष्मीने लवंग आणून दिली. ती त्याने उजव्या दाढेखाली धरली.

आणि नेमक्या याच तीन आठवड्यांत त्याने शेवंतीचा माल तीनदा नापास केला होता.

शेवंती मूळची सिन्नरची, अकराव्या वर्षापासून बिड्या वळलेली. नवरा गेल्यावर कळव्याला बहिणीकडे आली आणि या गाळ्यात लागली. सहाजणींत सफाईदार हात तिचाच, म्हणून सगळ्यात कडक तंबाखूची सिगार फक्त ती वळते. बाकीच्यांचा माल सौम्य. तिच्या मालाच्या तपासणीच्या कागदावर उत्तमने तिन्ही वेळा लिहिलं होतं, 'झोंबते, शेवट कडवट.' देवेशने तिला तोंडावर सांगून टाकलं, चौथ्यांदा असं झालं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका.

चौथी पाळी आली गुरुवारी सकाळी.

माल तपासताना वळणारी बाई समोर बसणार, ही रीत उत्तमनेच घालून दिली होती. ज्याच्या कामाला नाव ठेवायचं, त्याच्या देखत ठेवायचं, असा त्याचा खाक्या. आज त्याला त्या रीतीचा पश्चात्ताप होत होता. शेवंती स्टुलावर बसली होती, पदर घट्ट लपेटून.

त्याने सिगार बोटांत फिरवली, हलकेच दाबली. कुठे कडक नाही, कुठे पोकळ नाही. वरचं पान असं बसलेलं की जोड शोधावा लागत होता. टोक कापून त्याने ती न पेटवताच ओढून पाहिली. हवा सुरळीत आली. मग लांब काडीवर दुसरं टोक शेकत, गोल फिरवत पेटवली. विस्तव चहूबाजूंनी सारखा चढला. राख करडी, घट्ट धरलेली. डोळ्यांना, बोटांना, नाकाला एक खोट सापडली नाही. मग त्याने धूर तोंडात घेतला आणि डावा गाल पेटला.

तो सिगार कायम डाव्या कोपऱ्यात धरायचा. ही सवय खाडीकाठच्या मिठागरावरची. पोरवयात बापाबरोबर मीठ ओढताना दोन्ही हात फळीच्या दांड्यावर असायचे, आणि बिडी ओठांच्या डाव्या कोपऱ्यात अडकवलेली. पुढे कारखाना आला, सिगार आली, कोपरा तोच राहिला. एरवी पारखताना तो धूर तोंडभर घोळवायचा. पण हे तीन आठवडे त्याने धूर उजवीकडे जाऊच दिला नव्हता. भीती वाटत होती त्याला, साधी भीती. डावीकडे झोंबते आणि उजवीकडे चांगली लागते, असं निघालं तर? सिगार वाईट असेल तर शेवंती जाईल. सिगार चांगली असेल तर... पुढचं वाक्य तो मनातसुद्धा पुरं करत नव्हता.

त्याने पेन उचललं आणि कागदावर 'झों' एवढं लिहिलं.

"भाऊ, एक सांगू का? राग नका धरू," शेवंती म्हणाली.

"बोल."

"मघापासून बघते, तुम्ही ती डावीकडंच धरलीय. एकदा उजवीकडं धरून बघा."

"त्याने काय होणार?" त्याचा आवाज उगाच चढला.

शेवंती मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली. "आमचे हे शेवटच्या वर्षी भाकर एकाच बाजूनं खायचे. मी विचारायची, दाढ दुखती का? ते हो म्हणायचे. मी बी ऐकून घेतलं."

 उत्तमने सिगार उजव्या कोपऱ्यात नेली. ओठांना ती जागा परकी वाटली. झुरका घेतला. आधी भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालींचा वास आला, मग काळ्या गुळाची गोडी, आणि मागाहून मिरीची चव, तीही न बोचणारी. इतकी चांगली सिगार त्याच्या तोंडात कधी आली नव्हती. त्याने दुसरा झुरका घेतला, तिसरा घेतला. तो कडवटपणा शोधत होता. आता तर त्याला तो हवाच होता. मिळाला नाही.

पेनकडे हात नेताना राख कागदावर पडली. ती फुंकून त्याने 'झों' खोडलं, 'पास' लिहिलं. मग फाइल उघडून मागचे तिन्ही कागद काढले, प्रत्येकावर रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'मालात दोष नाही. तपासणाऱ्याची चूक.' खाली सही केली.

"देवेशला मी सांगतो," तो म्हणाला. "तुझं काम कुठं जात नाही."

शेवंतीने मान हलवली, पण उठली नाही.

"तुझ्या यजमानांचा... पांढरा होता?"

"हो. मी उशिरा बघितला."

उत्तमने सिगार खाली ठेवली. तिच्याकडे न बघता त्याने तोंड उघडलं. शेवंतीने मोबाईलची बत्ती लावली, वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग बत्ती बंद करून पुन्हा स्टुलावर बसली.

"वहिनींना फोन लावा, भाऊ," ती म्हणाली. "मी बसते इथंच."