गाठीखालची फूट

एका बुधवारी सकाळी माझी बायको नलू गेली. त्याला नऊ वर्षं झाली.

आज अंगणात जंभेरी लिंबाचं पान चुरगळलं आणि त्या आंबट वासाबरोबर मी तिच्या दवाखान्यातल्या खाटेपाशी जाऊन पोचलो.

सौसरला विहाराच्या अंगणात रविवारी लोक आपापली रोपं, फांद्या आणून एकमेकांना देतात. तिथून नलूने संत्र्याचं कलम आणलं होतं. ते देणारी बोरगावची म्हातारी म्हणाली होती, "गाठीखालची फूट खुडत जाजो बाई, नाहीतर जंभेरी चोखत बसशीन." संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, जंभेरीच्या खुंटावर बांधतात; त्या जोडाची गाठ राहते. खुंटाची फूट वाढली की डोळा मरतो.

पुढे नलू दवाखान्यात गेली आणि झाड माझ्याकडे आलं. मी फक्त पाणी घालत होतो. एका दुपारी तिला सांगितलं, "तुझं झाड जोरात फुटलं."

"गाठीच्या वर का खाली?"

"वर," मी न पाहताच म्हणालो.

"पाह्यलं का, का नेहमीसारखं पुस्तकातूनच सांगून राह्यले?"

मी हसलो. ती झोपली. घरी येऊन वाकून पाहिलं, तर सगळी फूट गाठीखालची होती आणि वरचा डोळा वाळला होता.

तिला मी ते सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, तिला जपलं. आता वाटतं, तिने वाकून पाहण्याएवढंच मागितलं होतं.

त्या खुंटाच्या जंभेरीला आता फळं येतात. त्यांच्या बियांची अकरा रोपं पिशव्यांत आहेत. रविवारी ती विहारात नेईन. ज्याला संत्र्याचा डोळा बांधायचा असेल तो घेईल.