माझं लायसन, मालकाचा खिसा

“थांब की रे! दम न्हाई का तुला?” मालक माझ्यावर खेकसला आन् लिंबाखाली बसलेले समदे डायवर हसले.

मतदानाचा दिवस. सीमेवर, कन्नड मुलखात, संतपूरजवळचं आमचं गाव. शाळंच्या फाटकाबाहीर मालक खुर्ची टाकून बसलेला. त्येच्या जीपा औराद-उदगीर चालायच्या. त्यावरच्या समद्या डायवरांची लायसनं त्येच्या हातात, रबर लावून, पत्त्याच्या कॅटावानी. त्यातलं एक माझं.

आमच्याकडं ही रीतच व्हती. कामाला लागलं की लायसन मालकापाशी. जीप काढताना घ्यायचं, जीप लावली की माघारी द्यायचं. डायवर दुसऱ्याकडं पळून जाऊ नये म्हणून. ढोराला दावं, तसं आमाला ते. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाबी न्हाई.

पर त्या दिशी गोष्ट येगळी व्हती. माझ्या मतदानाच्या कार्डावर भलत्याच म्हाताऱ्याचा फोटू. आधार तवा आलं नव्हतं. माझं नाव, बापाचं नाव आन् माझं तोंड एका जागी फकस्त त्या लायसनवर. लायसन न्हाई तर मत न्हाई.

मालक एकेकाला पुकारायचा. लायसन द्यायचा, कोणतं बटण दाबायचं ते कानात सांगायचा. बाहीर आलं की लायसन परत रबरात.

मी म्हणलं, “मालक, माझं मला द्या. माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या आता.”

“कामून?”

“माझंच हाय की वो.”

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बगितलं. “तुझं? अरे, मेंढरामागं फिरणारी जात तुमची. तुला कोण वळखायलंय? माझा डायवर, हीच तुझी वळख. बास न्हाई व्हय?”

बायांच्या रांगंत माझी बायको उभी व्हती. तिनं ऐकलं. मान खाली घातली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. गिळलं. लायसन घेतलं, त्यानं सांगितलेलं बटण ऐकून घेतलं आन् आत गेलो.

आतले साहेब कन्नडात म्हणले, “गुरुतिन चीटी?” वळखपत्र मागायलेत. मी लायसन म्होरं केलं. त्यांनी माझं नाव मोठ्यानं वाचलं. पूर्ण नाव. मधी माझा बाप. जल्मभर मेंढरं राखून मेलेला माणूस. त्येचं नाव भरल्या खोलीत कुणी नीट घेतल्यालं मी पयल्यांदाच ऐकलं. मालकाकडं तर मी नुसता ‘ए डायवर’.  मंग बटण दाबलं. माझ्या मनाचं.

बाहीर आलो. मालकानं हात पसरला. माझ्याकडं बगितलंबी न्हाई.

“आण.”

मी लायसन आतल्या खिशात घातलं. बटण लावलं.

“न्हाई देत.”

 मालक उठला. “काय म्हणलास?”

“न्हाई देत म्हणलं.”

“उद्यापासून जीपला हात लावायचा न्हाई. ह्या रस्त्यावर कुणाचीच गाडी मिळू देणार न्हाई तुला.”

“नका मिळू देऊ.”

  हात खिशावरच ठिवला.

तेवढ्यात बायको आली. बोटाला शाई न्हाई. कार्ड न्हाई म्हणून माघारी लावली व्हती. “आतला पोरगा म्हणला, लायसन तरी हाय का अक्का? समद्या बाया हसल्या.” मंग माझ्याकडं रोखून बगत म्हणली, “तुमचं तर सुटलं. मी काय आता जीप शिकू व्हय?”

मी तिला संगं घिऊन घराकडं निगालो.

मालकानं शबुद पाळला. मी उदगीरला हमाली केली. आता कुणी कुणी शिकलेले म्हणायलेत, लायसनलाच देशाची वळख माना. त्येंला माझं सांगणं हाय: गाडी हाकणाऱ्याची वळख गाडीवाल्याच्या मुठीत जाते. आन् न हाकणारी बाई? ती ह्या देशाची न्हाई का? माणूस हाय, एवढ्यावर वळख मिळाली पायजे. स्टिअरिंग धरलं म्हणून नव्हं.

बायकोचं कार्ड निघस्तोर मी तहसीलीत तिच्यासंगं उभा ऱ्हायलो. अर्ज तिनं दिला, नाव तिनं सांगितलं. मी मधी तोंड घातलं न्हाई.

आन् माझं लायसन? मालक असू द्या, कुणीबी असू द्या. मागितलं तर दावीन. ठिवायला देणार न्हाई.