साबणाची खंडेनवमी

"साबण पुजतेत का कुठं, बाई? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"ज्याच्यावर माणूस दिवसभर राबतं ते हत्यार. तुमी पाना पुजता, मी पळी पुजते. तिनं साबण ठिवला, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"ह्या साबणापायी माझ्या घराचा तमाशा झालाय. आन तुमी त्याला हळदकुंकू लावताय."

"मी न्हाई लावलं. तिनं लावलं. डोळं हायत न्हवं तुमाला?"

शालनबाईंच्या ह्या बोलण्यावरही ज्योतीरामदादांनी आपल्या मुलीकडं, तेजलकडं पाहिलं नाही. ते पाटाकडंच बघत राहिले. पाटावर लाल कापड होतं आणि त्यावर आमची सगळ्यांची हत्यारं मांडलेली होती. सोनल मॅडमचं पेन, माझी तासाला वापरायची डफली, शालनबाईंची आमटी वाढायची मोठी पळी. सूरज नावाच्या मुलानं मोबाइल ठेवला होता, आणि ठेवताना, सायलेंटवर ठेवला तर देवी रागावणार नाही ना, असंही विचारून घेतलं होतं. ह्या सगळ्याच्या कडेला अर्धी झिजलेली हिरव्या साबणाची वडी होती. तिच्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं एक फूल.

चिंचवड स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. दवाखान्यात ठेवण्याइतकी आजारी नाहीत, पण शाळेत बसणंही ज्यांना जमेनासं झालंय, अशी चौदा मुलं इथं सकाळी साडेनऊला येतात आणि साडेतीनला आपापल्या घरी जातात. सोनल मॅडम मानसोपचार करतात. गटात बसून बोलणं होतं, थोडा अभ्यास होतो, जेवण सगळ्यांचं एकत्र. मी आठवड्यातून दोनदा नाटकाचा तास घेते. शालनबाई गाडीतून मुलांना आणतात, पोचवतात आणि मधल्या वेळात स्वयंपाक करतात. पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांना हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं, उपचार दिवसा, रात्र स्वतःच्या घरी वगैरे. शालनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हंजे फर्स्ट शिफ्ट. तेव्हापासून मुलंही घरी जाताना आपसात शिफ्ट सुटली असंच म्हणतात.

एकोणीस वर्षं त्यांनी महाळुंग्यातल्या एका कंपनीत गाड्यांच्या दिव्यांच्या काचा तपासल्या. उजेडाच्या पेटीसमोर काच धरायची, फिरवायची, ओरखडा दिसला तर डावीकडं, नाही दिसला तर उजवीकडं. सासर महाळुंग्याचंच. कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा त्या शेतातून उठून तशाच गेटवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. दर खंडेनवमीला त्या आपली उजेडाची पेटी पुसून, हार घालून, बटण बंद करून ठेवायच्या. त्या दिवशी पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही. हे त्यांनी आयुष्यात एकदाही मोडलं नव्हतं. एकदा एक साहेब, गिऱ्हाइकाला घाई आहे, तेवढे दोन खोके तपासून द्या, म्हणून मागं लागला, तर ह्या बाई हात मागं बांधून गेटपर्यंत चालत गेल्या होत्या. पुढं डोळ्यांना नंबर लागला, कंपनीनं बोलावणं थांबवलं, आणि त्या आमच्याकडं आल्या.

तेजल पंधरा वर्षांची आहे. तिला दिवसभर हात धुवावे लागतात. 'लागतात' म्हणते, कारण तिला ते आवडत नाही. आपल्या हातांवरचं काहीतरी लागून धाकट्या भावाचं बरंवाईट होईल, ही भीती एकदा डोक्यात शिरली की धुतल्याशिवाय ती उतरत नाही, आणि धुतली तरी पाच मिनिटांत परत चढते. कोपरापर्यंत कातडी फुटलेली, बोटांच्या पेरांवर रक्ताच्या बारीक रेघा. तिची शाळा बंद पडली होती. ज्योतीरामदादा चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत, वेळ पडली की स्वतःही मशीनमध्ये हात घालतात. त्यांनी घरी आधी रागावून पाहिलं, मग बाथरूमला कडी लावून पाहिली. शेवटी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून ते दाराबाहेर उभे राहायचे, उद्या एक मिनिट कमी, परवा दोन. कंपनीत मशीनचा वेळ असाच कमी करतात. तेजलचा वेळ वाढत गेला.

केंद्रात आणायचं ठरल्यावर पहिले दहा दिवस ती गाडीत चढलीच नाही. शालनबाई वर जाऊन दार वाजवायच्या नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर पाच मिनिटं बसायच्या आणि निघून यायच्या. अकराव्या दिवशी तेजल उतरली, सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसली. दुसऱ्या दिवशी शालनबाईंनीही आपल्या सीटवर पेपर घातला. मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की असं करू नका, त्यानं तिच्या भीतीला आपण होकार देतो. शालनबाईंनी कान पकडले. पेपर गेला. पण तेजल त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी बसायला लागली.

मॅडमचं काम पायरीपायरीनं चाललं होतं. धुवावंसं वाटलं की लगेच उठायचं नाही, थांबायचं, भीती किती चढते आणि आपोआप कशी उतरते ते बघायचं. दोन महिन्यांत तेजल न धुता अकरा मिनिटं थांबण्यापर्यंत आली होती. घरी मात्र फारसा फरक दिसत नव्हता, आणि दादांच्या हिशेबी दोन महिन्यांत अकरा मिनिटं म्हणजे काहीच नव्हतं. कंपनीतली पूजा उरकून, मशीन बंद करून ते त्या दिवशी थेट इकडं आले होते. पहिल्यांदाच वर आले, आणि आले ते तिला कायमचं काढून न्यायला. राजगुरुनगरला मामाकडं ठेवणार होते. तिथं विहीर आहे, साबण कुणी देणार नाही, म्हणाले. मॅडम दुसऱ्या पालकांशी बोलत होत्या म्हणून ते हॉलमध्ये आले, आणि पाटावर त्यांना साबण दिसला.

तिथून ते भांडण. मॅडमच्या कानावर आवाज गेला, त्या बाहेर आल्या. दादांना त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं, तेजलशी दोन शब्द बोलल्या आणि शालनबाईंना स्वयंपाकघरात नेलं. मी तिथंच वाट्या पुसत होते.

मॅडमनी आधी विचारून घेतलं, साबण ठेव असं तुम्ही सांगितलंत का. शालनबाई म्हणाल्या, न्हाई. काल गाडीत पोरांना फक्त खंडेनवमी सांगितली, पुजल्यावर हत्याराला हात लावायचा नसतो म्हटलं. तेजल ऐकत होती. आज येताना साबण तिनं स्वतःच्या पिशवीतून काढला.

मॅडम म्हणाल्या, इथंच अडचण आहे. हात लावला तर पाप लागेल, देवी कोपेल, असं तिच्या डोक्यात बसलं तर? एका भीतीच्या जागी आपण दुसरी भीती बसवली. तिला आज दिवसभर जमेल, नाही जमेल. नाही जमलं तर ती साबणाला हात लावेल, आणि मग घरात काहीही झालं तरी ते आपण पूजेतला साबण उचलला म्हणून झालं, असं तिला वर्षभर वाटत राहील.

शालनबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. एवढ्या वयाची बाई, पण वाद घातला नाही. "चुकलं माझं," म्हणाल्या. "मला वाटलं पोरगी खेळीमेळीत करती." आणि लगेच विचारलं, "आता तिला सांगू, की उचललं तरी चालतंय?"

"मी सांगितलंय मघाशी. ती म्हणाली, पूजेतलं उचलत नाहीत."

एक वाजला. ताटं मांडली गेली. दादा बाकावरून उठून हॉलच्या दारात येऊन उभे होते, जेवण झालं की पोरीला घेऊन निघायचं ह्या तयारीनं. तेजल भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे, एकमेकांना लागू न देता. कपाळावर घाम. तिची नजर साबणावरून हलत नव्हती, आणि ती नजर निवडीची नव्हती, अडकलेल्या माणसाची होती. मॅडमनी सांगितलेलं मला तेव्हा कळलं.

शालनबाई आमटीचं पातेलं घेऊन आल्या. वाढायला स्टीलचा डाव आणलेला होता, तो त्यांनी सूरजच्या ताटाजवळ खाली ठेवला. पाटापाशी गेल्या. हात जोडले. मग खाली वाकून, फूल बाजूला करून, त्यांनी आपली पळी उचलली.

आम्हाला रंगमंचावर एखादी वस्तू उचलायला शिकवतात, त्यात महिने जातात. हात कुठं थांबतो, श्वास कुठं थांबतो. मी ते शिकलेली आहे आणि तरी असं उचलणं मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर जो दिवस सांभाळला तो त्या चौदा मुलांसमोर मोडत होत्या. दारातून दादांचा आवाज आला, अहो बाई, पुजलेलं हाय ते. त्या आवाजात आता भांडण नव्हतं, धसका होता.

शालनबाईंनी पळी पातेल्यात बुडवली आणि तेजलसमोर उकिडव्या बसल्या.

"देवीला माझी गरज कळती. मला वाढायचंय, मी उचलली. तुला लागला तर तू पण उचल. कुणाला काय व्हायचं न्हाई. तुझ्या भावाला न्हाई, मला न्हाई. ठिवायचा आसंल तर तुझ्या मर्जीनं ठिव."

तेजल त्यांच्याकडं बघत राहिली. मग उठली. पाटाजवळून गेली, साबणाच्या अगदी जवळून. ती थांबली नाही. बाकीची मुलं जेवणाआधी हात धुवायला रांगेत होती, तीही रांगेत उभी राहिली. नळ सोडला, साध्या पाण्यानं हात धुतले, सगळे धुतात तसे, आणि परत आली. घड्याळ मी पाहिलं नाही. मॅडमनी पाहिलं असेल. मला एवढंच माहीत आहे की शालनबाईंनी तिच्या शेजारच्या मुलीला आमटी वाढली आणि तिच्या ताटाची पाळी येईपर्यंत ती येऊन बसली होती. घरी ह्याच कामाला तिला पाऊण तास लागायचा.

ती नीट जेवली असं नाही. चार घास खाल्ले. मध्येच उजवा हात हवेत धरून डोळे मिटून बसली, ओठ पुटपुटत होते, गाल ओले झाले. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या. शालनबाई वाढत राहिल्या. साबण पाटावरच होता, आणि आता तो तिथं कुणाच्या धाकानं नव्हता.

दादा कधी खाली गेले ते कळलं नाही. वर आले तेव्हा हातात कंपनीच्या पूजेच्या पेढ्यांचा बॉक्स होता. मुलांना वाटत फिरले. मला देताना अगदी हळू म्हणाले की तिला विचारत नाही, ती माझ्या हाताचं घेत न्हाई. दोन वर्षं झाली. मी ऑइलचं काम करतो ना, तिला किळस येती माझी. मी त्यांना सांगणार होते की ती किळस नाही, भीती आहे, तुमच्याबद्दल तर नाहीच. पण तेवढ्यात ते तिच्यासमोरून पुढं सरकले होते आणि तेजलनं हात पुढं केलेला होता.

ते परत मागं वळले. बॉक्समधून पेढा उचलताना त्यांच्या नखांतला काळेपणा मलाही दिसला. कितीही धुतला तरी त्या कामाचा तो जात नाही. त्यांनी पेढा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं मूठ मिटली. खाल्ला नाही तिनं. पण धुवायला उठलीही नाही. दुपारचा सगळा वेळ, चित्रांच्या तासात, गोष्टीच्या तासात, ती एक मूठ मिटून बसली होती. पेढा मऊ होऊन बोटांच्या फटींतून बाहेर आला. दादा तिच्या मागच्या खुर्चीवर बसून त्या मुठीकडं बघत होते, देवाच्या गाभाऱ्यात माणूस बघतो तसे, हलायचं विसरून. मॅडमनी त्यांना दोनदा चहा विचारला. त्यांना ऐकू गेलं नाही.

साडेतीनला मुलं चपला घालायला लागली. मॅडम दादांजवळ आल्या. तुम्ही सकाळी जे म्हणालात त्याचं काय करायचं, विचारलं. उद्या दसरा, केंद्र बंद. परवा तेजलसाठी गाडी पाठवायची की नाही ते आज सांगा, कारण तिच्या जागेसाठी दोन मुलं थांबलेली आहेत. आणि हेही सांगून ठेवते, म्हणाल्या, आजचं रोज होणार नाही. परवा ती परत पाच मिनिटांवर आलेली असेल.

दादा दाराकडं वळले. शालनबाई तिथं खांद्याला पिशवी अडकवून मुलांची डोकी मोजत होत्या.

"मावशी," ते म्हणाले, "परवा गाडीत तुमीच असणार न्हवं?"

शालनबाईंनी त्यांच्याकडं एकदा वर पाहिलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी पदर कमरेला खोचला, तेजलला पुढं घातलं आणि जिना उतरायला लागल्या.