तोंडी वाटणी

“मी हाय ना,” असं म्हणताना सर्कल समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. माणूस उंच असला तर टाचा उचलून ठेवायचे. तो कितीही तावातावानं बोलत असो, हात पडला की निम्मा थंड व्हायचा. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं, पण दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर जायला लागले की शेजारचा त्यालाच बोलवायला पळतो.

महसूल खात्यातून ते मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. मंडल अधिकाऱ्याला आमच्याकडे सर्कल म्हणतात आणि नोकरी संपली तरी ते नाव सुटत नाही; समोर मात्र सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. शिरूरकडून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात जाणारी गॅसची पाइपलाइन निघाली, तेव्हा शेतकऱ्यांशी बोलण्यासाठी कंपनीनं त्यांना ठेवून घेतलं. मी त्याच ऑफिसात सर्व्हेअर. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, पिकांतलं ऊस आणि ज्वारी एवढंच ओळखणारी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, ही चप्पल ढेकळात टिकायची न्हाई.” टिकली नाहीच. दुपारी चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा जीपच्या सीटखालून त्यांनी त्यांच्या सुनेचे बूट काढून दिले. सकाळीच बरोबर आणले होते म्हणे.

राहूमध्ये एका आजोबांनी आमच्या खुंट्या उपटून चुलीत घातल्या. मी पोलीस पाटलांना फोन लावायला निघाले होते. सर्कल आजोबांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि गुऱ्हाळ कधी सुरू करणार, एवढंच विचारलं. तासाभरानं दोघं काकवी चाटत होते. सर्कलना मधुमेह होता. “घरी बोलू नका, ताई,” ते मला म्हणाले, आणि आजोबांना म्हणाले, “उद्या पुन्यांदा खुंट्या ठोकतो. जाळू नका, लाकूड लई ओलं हाय, धूर हुईल.” आजोबा हसले. खुंट्या राहिल्या.

मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. ऑफिसातलं कोणतंच काम त्यांना कागदावर आवडत नसे. एखाद्या शेतकऱ्यानं काही मागितलं की ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून यायचे. बाहेर येऊन म्हणायचे, “बोललोय.” त्यांच्या लेखी काम तिथं झालेलं असायचं. एवढी वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे कसं जमलं, असा प्रश्न मला पडे. पुढं कळलं, की भागातल्या निम्म्या शेतांचे व्यवहार असेच चालतात आणि त्यांची सगळी नोकरी तेच व्यवहार सांभाळण्यात गेली होती.

आता थोडं पाइपलाइनबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पाइप जमिनीखालून जातो. जमीन मालकाचीच राहते, वर पीकही घेता येतं. पण त्या पट्ट्यावर पुन्हा कधीही घर बांधायचं नाही, विहीर काढायची नाही, झाड लावायचं नाही. मंजुरीआधी सरकारी अधिसूचना निघते आणि तीन आठवड्यांत लेखी हरकत घेता येते. मुदत संपली की नकाशावरची रेघ पक्की.

आणि वाटणीबद्दल. तिघा भावांची वाटणी झाली की शेत आडवं तोडत नाहीत, उभं चिरतात. प्रत्येकाला वर पाटाचं पाणी मिळालं पाहिजे आणि खाली ओढा. मग एकेकाच्या वाट्याला लांबच लांब पट्टी येते. ही वाटणी बहुतेक तोंडीच असते. सरकारी नकाशावर तिघांचा मिळून एकच गट नंबर, एकच चौकोन. आमची रेघ त्या चौकोनाच्या कडेकडेनं गेली होती. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, छान, शेताला नुसती शिवून जाते.

ती कड म्हणजे इंदूबाईंची जवळजवळ अख्खी पट्टी होती.

इंदूबाई राहूच्या बाहेर वस्तीवर एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलगी वरवंडला दिलेली. शेजारच्या दोन पट्ट्या दोन दिरांच्या. राहायला पत्र्याचं शेड, दाराला कडी नाही, तारेनं पिळून बंद करायचं. भोवती ऊस. त्या उसात बिबट्या आहे हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. त्यांच्या शेळ्यांतल्या दोन त्यानं दारातून नेल्या होत्या, आणि दुसरी गेली तेव्हा त्या पत्र्याच्या आत उभ्या राहून ताट बडवत होत्या. त्यानंतर त्यांनी विटांचं घर बांधायचं ठरवलं. पाटाकडची जागा उंच, मुरमाची. तिथं फक्की टाकून घराची आखणीही केली होती. आम्ही पोचलो तेव्हा आमची खुंटी बरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात आली.

“हितं चूल हाय माजी,” त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत. जागा दाखवावी तसं दाखवलं.

सर्कलनी आखणीभोवती एक फेरी मारली. पाइप पाटाच्या कडेनं वळवला असता तर घर सुटत होतं. मी मोजून बघितलं, जमण्यासारखं होतं. जीपमध्ये बसल्यावर मी म्हटलं, “आप्पा, हरकतीचा अर्ज करू. मीच टाइप करून देते, त्यांनी फक्त अंगठा द्यायचा.”

“अर्ज केला म्हंजी वाटणी लिवावी लागंल,” ते म्हणाले.

“लिहू की.”

“वाटणी लिवली की दोगं दीर उठत्यात. बापानं मला कोपरा जास्त दिला व्हता, हिर तुज्याकडंच का ठिवली. समदं निघतं, ताई. आन् हिला ऱ्हायचंय त्यांच्याच शेजारी. रातच्याला जनावर आलं तर हाक त्यांनाच मारायची हाय.”

“मग?”

“मी बोलतो सायबास्नी. मी हाय ना.”

ते बोलले, खरंच बोलले. मी केबिनच्या दारात होते. रूट ठरवणारे साहेब उत्तरेकडचे, स्वभावानं चांगले. त्यांनी स्क्रीनवर ती जागा मोठी करून बघितली आणि म्हणाले, “हो जाएगा, सर्कल साहब. कॅनल के साथ ले लेंगे.” सर्कल बाहेर आले तेव्हा चेहरा असा, की मंजुरीच खिशात आहे. संध्याकाळी आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून वस्तीवर गेलो. “बांधा घर,” ते इंदूबाईंना म्हणाले. “पर आत्ता कुनाला काय बोलू नका. अर्ज-बिर्ज बी नगं. गप ऱ्हावा.” इंदूबाई गप राहिल्या. दिरांना काही कळलं नाही, वस्तीवर शांतता राहिली आणि अधिसूचनेची मुदत निघून गेली.

साहेबांची बदली झाली. गुजरातेत दुसरी लाइन होती, तिकडं घाईनं पाठवलं. त्यांनीही सर्कलसारखंच केलं होतं. मनात ठेवलं होतं, लिहिलं नव्हतं. नवे साहेब आले, त्यांनी राहूच्या भागातल्या हरकती उघडल्या. त्या गटावर एकही नव्हती. अंतिम मंजुरी आली तेव्हा रेघ जिथं होती तिथंच होती.

सर्कल नव्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब बसा म्हणाले, तरी ते बसले नाहीत. त्यांनी सगळी हकीकत हिंदीत सांगितली, आणि त्यांची हिंदी ऐकून एरवी आम्ही हसायचो. त्या दिवशी कोणी हसलं नाही. साहेबांनी जुन्या साहेबांना फोनही लावला. त्यांना जागा आठवत होती, पण आता मंजूर झालेली लाइन कोण हलवणार? नवे साहेब फार सौम्यपणे म्हणाले, “किसी ने लिखकर दिया होता तो मैं खुद लड़ता.” मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वस्तीवर गेलो. इंदूबाईंनी पायासाठी दगड आणून टाकले होते. सर्कलना बघून त्यांनी पदर नीट केला.

“इंदूबाई, न्हाई झालं,” ते म्हणाले.

“काय न्हाई झालं?”

“लाइन हितनंच जानार. घर न्हाई बांदता यायचं.”

इंदूबाईंनी दगडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “तुमी म्हनला गप ऱ्हावा, म्हून ऱ्हायले.” आवाजात राग नव्हता. जे घडलं ते त्या जुळवून बघत होत्या. सर्कलचा हात थोडा वर आला आणि तसाच थांबला, कारण बाईमाणसाच्या खांद्यावर तो ठेवता येत नाही. मग त्यांनी जवळची खुंटी धरली. मला त्यांची दया आली, आणि इतका संताप आला, की मी जीपमध्ये जाऊन बसले. खांद्यावर हात ठेवून लोकांची भांडणं मिटवलीत, आप्पा, पण या बाईच्या डोक्यावरचं छप्पर त्याच हातानं काढलंत, असं मला त्यांना म्हणायचं होतं. म्हटलं नाही. ते स्वतःला याहून वाईट काहीतरी म्हणत असणार, हे दिसत होतं.

खोदाई सुरू होण्याआधी त्यांनी नोकरी सोडली. नंतर मला कळत राहिलं ते राहूच्या लोकांकडून. कवठे येमाईच्या घरून एस्टी बदलत बदलत ते वस्तीवर यायचे आणि दिरांच्या अंगणात बसायचे. मागणं एकच. पाटाकडची घरापुरती जागा तिला द्या, तिची ओढ्याकडची घ्या, वाटणी तुम्हीच केलीय, तुम्हीच थोडी फिरवा. एकदा मी मोजणीला तिकडं होते तेव्हा थोरल्या दिराचं उत्तर ऐकलं.

“आप्पा, तुमच्या शब्दाला मान हाय,” तो म्हणाला. “पर पाटाकडं मोकळी जागा येवडीच हाय. आमच्या पोरांनी उद्या घरं कुटं बांधायची? लाइन तिच्या पट्टीत आली, त्याला आमी काय करनार?”

तो वाईट माणूस नव्हता. बोलण्यातही खोट नव्हती. सर्कल मान डोलवत राहिले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मला म्हणाले, “दील तो. मन हाय त्याचं.” फार वाळले होते. पाइप पुरला गेला, माती सारखी झाली, आखणीच्या जागी पिवळा खांब उभा राहिला. इंदूबाईंचं शेड ओढ्याकडं, रेघेबाहेर उरलेल्या खोलगट तुकड्यावर हलवलं; पावसाळ्यात पाणी चढतं, विटांचं घर तिथं उभं राहत नाही. तिथं तिन्ही बाजूंनी ऊस लागतो.

एका सकाळी सर्कल उठलेच नाहीत. रात्री जेवून नेहमीसारखे झोपले होते, असं त्यांचा मुलगा म्हणाला.

दशक्रियेला घोडनदीच्या काठी शिरूरची, दौंडची माणसं लोटली होती. आपल्याकडं दहाव्याला भाषणं होतात, तशी झाली. पुढाऱ्यांचे मनमिळाऊ, निगर्वी, अजातशत्रू असे सगळे शब्द वापरून झाले. एकानं तर पाइपलाइन त्यांच्यामुळेच शांततेत पार पडली, असंही सांगितलं. मी मान वळवली, तेव्हा बायकांमध्ये इंदूबाई दिसल्या. दोघं दीर पुरुषांत बसले होते.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या लिंबावर होते, पण एकही खाली येईना. मुलानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. थांबलो. पुतण्यानं सांगितलं, शेत विकणार नाही. कावळे फांद्या बदलत होते. ऊन चढलं, लोकांची चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी हळूच म्हणालं, “राहूच्या बाईच्या घराचं आडकलं आसंल.” ते पुढच्या रांगेपर्यंत गेलं. एकेक मान थोरल्या दिराकडं वळली. एवढ्या माणसांत एक शब्द बोलला असता तर माघार घेता आली नसती, हे त्यालाही कळत होतं. तो पायाजवळची वाळू बोटानं उकरत राहिला. धाकट्यानं त्याच्याकडं बघितलं आणि टोपी सारखी केली.

भटजींनी दर्भ हातात घेतला. कावळा शिवला नाही तर दर्भाचा करतात. तेवढ्यात इंदूबाई उठल्या. बायकांतून वाट काढत पिंडापाशी गेल्या आणि त्यांनी हात जोडले.

“आप्पा, माजं घर झालं,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “पाटाकडं झालं. दारं बसली, कड्या बसल्या. भावजींनी जागा दिली. तुमी आता जिवाला लावून घिऊ नका. जावा.”

लिंबावरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारत आला आणि त्यानं पिंडातलं भाताचं शीत उचललं. लोकांनी हात जोडले, सर्कलची बायको रडायला लागली, मुलगा मोकळा झाला. मलाही रडू आलं, आणि ते कशाचं होतं हे मी अजून सांगू शकत नाही.

जेवणं होती, पण इंदूबाई थांबल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर पिकअपपर्यंत गेले. थोरल्या दिरानं हात देऊन त्यांना मागं चढवलं. त्यांच्या तोंडाकडं मात्र त्यानं बघितलं नाही. मी म्हटलं, “मावशी, दोन घास खाऊन जा.”

“नगं बाई,” त्या फळीला धरून बसत म्हणाल्या. “दिस मावळायच्या आत शेळ्या आत घ्यायच्यात.”