बहिणीचं नाव कमी केलं ते

मी तहसील दफ्तरात कारकून आहे आणि नियमाचा मला भारी सोस. आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेला मी तिसरा. पहिले दोघे मास्तर झाले, त्यांना लोक मायेनं वागवतात. मला वचकून असतात. ते मला आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

गाव आमचं आदिलाबाद जिल्ह्यातलं, भीमपूरकडचं. इकडे पोरीचं लग्न झालं तरी माहेरच्या रेशनकार्डावरून तिचं नाव कोणी काढत नाही. तिच्या वाटचे तांदूळ वर्षानुवर्षं माहेरी येत राहतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. "पोर सणाले येते, बाळंतपणाले येते, तवा काय हवा खाते का?" असं आमची माय म्हणायची. मी मात्र या प्रकारावर तुटून पडायचो, कारण कार्डांचं काम माझ्याच टेबलावर. शेजारच्या एका भाजीपाल्यावाल्याची पोर निर्मल गावी दिलेली, तरी तिचं नाव इथंच. त्याला मी चारचौघांत चोर म्हणालो. तो म्हणाला, "तुह्या बापाच्या घरून येऊन राह्यले का तांदूळ?" आणि नाव काही काढू दिलं नाही.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तलमडुगुकडच्या एका गावात. जावई मजुरी करणारा, खाली मान घालून बोलणारा. गावाला धडा घालून द्यायची ही नामी संधी मला सोडवली नाही. कार्ड मायच्या नावावर होतं. आठवडाभरात मी तिच्या नावानं दरख्वास्त लिहिली, तिची सहीही मीच ठोकली आणि बहिणीचं नाव कमी करून टाकलं. मायला विचारलं नाही, बहिणीलाही नाही. सासरच्या कार्डावर नाव चढवायचा अर्ज जावयाकडून भरून घेतला. आधी इकडून कमी, मग तिकडे जोडणी, असा नियमच आहे. कमी करायला एक दिवस लागला. जोडणी मात्र तेव्हा बंदच होती. अर्ज घ्यायचे आणि पडू द्यायचे. मला ते पक्कं ठाऊक होतं. आज ना उद्या सुरू होईल, असं धरून चाललो.

पुढच्या महिन्यात तांदूळ कमी आले म्हणून माय रेशनवाल्याशी भांडून आली. मी म्हणालो, "वरूनच कटलं असंन." तिनं मान डोलावली. मी सरकारचा माणूस, मी खोटं कशाला बोलेन?

दोनेक वर्षांनी सरकारनं गरिबांच्या इलाजाची योजना वाढवली. खर्चाची हद्द वाढली, नवे आजार आले, ज्याच्या घरी रेशनकार्ड त्याचं मोठं ऑपरेशनही फुकट. पत्रकं तेलुगूत होती, म्हणून आमच्या मराठी लोकांना ती समजावून सांगायला मला गावातल्या विहारात उभं केलं. मी एकेक आजार मोठ्यानं वाचत गेलो. हृदयाच्या झडपेवर आलो तेव्हा माहेरी आलेल्या, समोर बसलेल्या बहिणीनं मान वर केली. थोडं चाललं तरी तिला धाप लागायची. आदिलाबादच्या डॉक्टरनं नुकतंच सांगितलं होतं, झडप खराब आहे, लवकर बदला. नंतर ती जवळ येऊन म्हणाली, "दादा, माह्यं बी होईन ना याच्यात?"

"होईन ना. काऊन नाही होणार?"

त्या क्षणी मला तिचा पडून राहिलेला अर्ज लख्ख आठवला होता.

हैदराबादच्या एका खासगी दवाखान्यात बहीण, जावई आणि मी गेलो. डॉक्टर म्हणाला, कार्ड दाखवा, याच आठवड्यात करू. खिडकीतल्या मुलीनं आधी मायचं कार्ड पाहिलं, मग सासरचं. "पेरु लेदु," म्हणाली. नाव नाही. कार्डाशिवाय तिथला खर्च आमच्या दोन घरांनी मिळून जन्मभर राबून फिटला नसता. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, पण नंबर दोन महिन्यांनंतरचा.

जावई पायरीवर बसून विचारू लागला, "अर्ज तर देला होता ना भाऊ?"

"नुसता देऊन होत नाही. मांगे लागा लागते. तुमी किती चकरा मारल्या?"

एकही नाही, असं त्याच्या तोंडावरच दिसत होतं. बहीण माझ्याकडे पाहत होती. तिला माझ्यावर शंका नव्हती. असती तर बरं झालं असतं.

एक वाट होती. नाव चुकून कमी झालं असं लिहून दिलं, की तहकिकात होऊन ते मायच्या कार्डावर परत चढतं आणि जिल्ह्याच्या साहेबांच्या पत्रावर ऑपरेशनही लगेच होतं. मीच लोकांना ही वाट दाखवायचो. पण तहकिकातीत जुनी दरख्वास्त निघाली असती, मायची सही निघाली असती आणि मायला तर नाव लिहिता येत नाही, ती अंगठा देते. माझी नोकरी गेली असती. मी तीन वेळा अर्ज लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा फाडला. घरी सांगितलं, पत्राचं काम चालू आहे. दफ्तरात रोज वेळेवर जात राहिलो.

त्याच दिवसांत भाजीपाल्यावाल्याची निर्मलला दिलेली पोर बापाच्या कार्डावर ऑपरेशन करून घेऊन घरी आली. मायनं मला ते सांगितलं. नुसतं सांगितलं, बोल लावला नाही.

नंबर यायला अकरा दिवस उरले होते तेव्हा सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या बहीण गेली. सव्वीस वर्षांची होती.

पुण्यानुमोदनाला तिच्या सासरी सगळे जमले. वंदना झाली, दोघंतिघं तिच्याबद्दल चांगलं बोलले. मग जावई उठला. जावयानं साळ्यापुढे वाकायची आमच्यात रीत नाही, जावयाचा मान मोठा. तो सगळ्यांसमोर माझ्यापुढे येऊन हात जोडून उभा राहिला. "भाऊ, चूक माही झाली. मी चकरा मारल्या नाही. तुमी अर्ज भरून देला, मी मांगे लागलो नाही. माह्यापायी गेली ते. मले माफ करा."

माय पदर तोंडाला लावून माझ्याकडे पाहत होती. सगळा मांडव मी काय म्हणतो याची वाट पाहत होता. एक वाक्य बोललो असतो तर तो माणूस त्या ओझ्यातून सुटला असता. वाक्य मला पाठ होतं.

मी त्याचे हात धरले आणि म्हणालो, "जाऊ द्या जवाई. चुकते माणूस. आमी माफ केलं."

तो माझ्या पायाशी बसून रडला. जेवताना दोघातिघांनी मला सांगितलं, फार मोठं मन आहे तुमचं.